लघवीतली ड्रग टेस्ट कशी करायची आणि कशी वाचायची: व्यसनमुक्ती ओपीडीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात रुजू झालेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या, परिचारिकेच्या किंवा समुपदेशकाच्या हातात पहिल्या आठवड्यातच एक प्लास्टिकचा कप येतो. कपाच्या अंगावर पाच, सहा, कधी बारा पट्ट्या असतात. दहा मिनिटांत निकाल मिळतो, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. चाचणी करायला सोपी आहेच. चुका होतात त्या वाचताना, आणि त्यातल्या बहुतेक ‘निगेटिव्ह’ वाचताना होतात.

ही चाचणी एवढंच सांगते की, अमुक एक रेणू किंवा त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एखादा रेणू या नमुन्यात ठरलेल्या पातळीच्या वर आहे की नाही. माणसाने किती घेतलं, नेमकं कधी घेतलं, घेतलं तेव्हा तो नशेत होता का, त्याला व्यसन जडलंय का, यातलं काहीही पट्टी सांगत नाही. निदान इतिहासातून आणि तपासणीतूनच होतं.

आधी प्रश्न ठरवा

कप उघडण्याआधी स्वतःला विचारा: पॉझिटिव्ह आलं तर मी काय करणार, आणि निगेटिव्ह आलं तर काय करणार? दोन्हीची उत्तरं एकच असतील तर चाचणी करू नका.

चाचणीचा खरा उपयोग होतो अशा काही वेळा ठरलेल्या आहेत. ब्युप्रेनॉर्फिनवर (अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचं औषध) असलेला रुग्ण ते औषध घेतोय का आणि त्यासोबत हेरॉइन चालू आहे का, हे पाहायचं असतं. पहिल्यांदाच भ्रम-भास घेऊन आलेल्या तरुणाच्या आजारात गांजा किंवा उत्तेजक पदार्थांचा वाटा आहे का, हे तपासायचं असतं. नालट्रेक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारं औषध) सुरू करण्याआधी शरीरात अफूजन्य पदार्थ उरलेला नाही, याची खात्री हवी असते. या तिसऱ्या ठिकाणी नवखे हमखास फसतात. पट्टीवर अफूचा गट निगेटिव्ह दिसतो, नालट्रेक्सोन दिलं जातं, आणि तासाभरात रुग्ण उलट्या, जुलाब, घाम, अंगदुखीने तळमळतो. तो ट्रॅमाडॉलवर (दुखण्यावरची अफूसारखी गोळी) किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर होता आणि अफूची साधी पट्टी हे दोन्ही पाहतच नाही. हेरॉइनसारख्या अल्पकाळ टिकणाऱ्या पदार्थांनंतर ७ ते १० दिवस आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोननंतर १० ते १४ दिवस थांबायचं, हा नियम पट्टी निगेटिव्ह आल्याने बदलत नाही.

जिथे चाचणीवर अवलंबून राहायचंच नाही अशी जागा म्हणजे बेशुद्ध रुग्ण. श्वास मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं चित्र दिसलं की श्वास सांभाळा आणि नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम लगेच उलटवणारं औषध) द्या. लघवीच्या निकालासाठी थांबू नका.

आणखी एक प्रसंग वारंवार येतो. आई-वडील पर्समधून छोटी बाटली काढतात: “डॉक्टर, मुलाला कळू न देता एवढं तपासून द्या.” मुलगा सज्ञान असेल तर त्याच्या संमतीशिवाय तपासू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार त्याच्या उपचारांची माहिती गोपनीय आहे, आई-वडिलांपासूनही. शिवाय ती लघवी कुणाची, कधीची, तिच्यात काय मिसळलंय, याचा पत्ता नसतो. आई-वडिलांची काळजी खरी असते. त्यांना बसवून घ्या, मुलाला आणायला सांगा, पण बाटली परत करा.

पॅनेल (कपावरच्या पट्ट्यांचा संच) आपल्या गावाला जुळतं का ते बघा

बाजारात मिळणाऱ्या पाच पट्ट्यांच्या कपाची वंशावळ अमेरिकेत आहे. १९८६ मध्ये तिथे सरकारी कर्मचाऱ्यांची नोकरी अमली पदार्थमुक्त ठेवण्याचा आदेश निघाला आणि १९८८ मध्ये त्याचे नियम आले. त्या नियमांत पाच गट होते: गांजा, कोकेन, अफू, अ‍ॅम्फेटामाइन आणि फेनसायक्लिडिन. शेवटचं नाव महाराष्ट्रातल्या ओपीडीत ऐकायलाही मिळत नाही. तरी ती पट्टी अनेक कपांवर असते आणि जी हवी ती नसते.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय येतं? मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत आलं, पण साध्या कपावर त्याला अजून जागा मिळालेली नाही. अ‍ॅम्फेटामाइनची पट्टी ते सहसा पकडत नाही. एमडीसाठी वेगळी पट्टी मागवावी लागते किंवा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ‘बटण’ आणि ‘कुत्ता गोळी’ ही झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या गोळ्यांची गल्लीतली नावं, बहुतेक नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम. पण नावावरून घटक ठरवू नका, पुरवठा बदलला की गोळी बदलते आणि नाव तेच राहतं. शक्य असेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट आणायला सांगा. त्याशिवाय गर्द किंवा ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन), कोडीनचं खोकल्याचं सिरप, ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल, पेंटाझोसिनची इंजेक्शनं, आणि लहान मुलांमध्ये हुंगायचं व्हाइटनर, थिनर, सोल्युशन. शेवटचे तीन कोणत्याच कपावर दिसत नाहीत. तिथे बोटांवरचे डाग, तोंडाभोवतीचं पुरळ आणि श्वासाचा वास हीच चाचणी.

म्हणून खरेदीचा कागद भरताना हे बघा: अफूच्या पट्टीसोबत ट्रॅमाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या स्वतंत्र पट्ट्या हव्यात, बेन्झोडायझेपिनची (झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा गट) हवी, गांजाची हवी, आणि शहरी केंद्रात मेफेड्रोनची वेगळी पट्टी हवी. फेनसायक्लिडिन आणि बार्बिट्युरेट नसल्या तरी चालतं. बारा पट्ट्यांचा कप पाहून हुरळून जाऊ नका. आकडा मोठा दिसतो, पण बऱ्याचदा त्यात आपल्या कामाच्या चारच असतात.

प्रत्येक पट्टीचा कटऑफही (ज्या पातळीच्या वर ती पॉझिटिव्ह दाखवते ती पातळी) किटच्या कागदावरून टिपून ठेवा. अफूसाठी ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि २००० नॅनोग्रॅम अशा दोन्ही पट्ट्या मिळतात. २००० चा कटऑफ अमेरिकेत नोकरीच्या चाचण्यांसाठी १९९८ मध्ये आणला गेला, मुख्यतः खसखशीमुळे येणारे पॉझिटिव्ह टाळायला. उपचाराच्या कामात ३०० ची पट्टी जास्त उपयोगी, कारण आपल्याला थोडंसं सेवनही कळायला हवं असतं.

नमुन्याआधी विचारा

संमती घ्या, आणि ती खरोखरची असू द्या. चाचणी कशासाठी, कुणाला कळणार, नकार दिला तर काय होणार, हे तीन वाक्यांत सांगा. मग विचारा: “दादा, आज या तपासणीत काय दिसेल असं तुम्हाला वाटतं?” हा प्रश्न चाचणीपेक्षा जास्त माहिती देतो. बरेच रुग्ण इथेच सांगून टाकतात, आणि सांगितलेलं पट्टीशी जुळलं की पुढच्या खर्चाची गरज उरत नाही.

मग गेल्या सात दिवसांतल्या औषधांची यादी, वेळेसकट. दुकानातून आणलेली, घरातल्या दुसऱ्याची घेतलेली, आयुर्वेदिक, सर्दी-खोकल्याची, सगळी. “औषधं चालू आहेत का” असं विचारलं तर “नाही” हे उत्तर मिळतं. “खोकल्याला काही घेतलं? अ‍ॅसिडिटीला? झोपेला? दुखण्याला? टीबीची गोळी चालू आहे?” असं एकेक विचारलं की यादी तयार होते. ही यादी निकालानंतर नाही, आधी घ्यायची. पॉझिटिव्ह कळल्यावर प्रत्येकाला खोकल्याचं औषध आठवतं.

नमुना घेणं

निदान ३० मिलिलिटर लघवी घ्या. पिशवी, जॅकेट, पाण्याची बाटली बाहेर ठेवायला सांगा, खिसे रिकामे करून घ्या. शक्य असेल तर संडासातला नळ बंद ठेवा आणि भांड्यातल्या पाण्यात निळा रंग टाका. समोर उभं राहून लघवी करायला लावणं हा नेहमीचा नियम नसावा. आधीचा नमुना बदललेला सापडला असेल किंवा तसा ठोस संशय असेल तरच ते करा, त्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याने करा, आणि कारण नोंदवा. केवळ या चाचणीसाठी कॅथेटर घालू नका.

लघवी होत नाही म्हणणाऱ्याला दोन ग्लास पाणी द्या आणि बसवा. तांब्यामागून तांब्या पाजला तर नमुना पातळ होतो आणि चाचणीचा अर्थच जातो. सकाळची पहिली लघवी सर्वांत दाट असते, नेमकं उत्तर हवं असेल तेव्हा सकाळी बोलवा.

चाचणीचा दिवस ठरलेला नसावा. दर सोमवारी तपासणी असेल तर शुक्रवारपर्यंत घेतलेलं हेरॉइन कुणालाच दिसत नाही. उपचाराच्या सुरुवातीला साधारण आठवड्यातून एकदा, स्थिर झाल्यावर महिन्यातून एकदा, पण कोणत्याही दिवशी.

हा नमुना लघवीचाच आहे ना?

पट्टी बघण्याआधी चार गोष्टी तपासा: तापमान, रंग-वास, सामू (pH), क्रिएटिनिन (स्नायूंतून लघवीत येणारा टाकाऊ पदार्थ).

नुकत्याच केलेल्या लघवीचं तापमान चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान असतं. कपावरची तापमानपट्टी त्यासाठीच. मात्र मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला खिशात लपवून आणलेली बाटलीही याच तापमानाला असते, त्यामुळे उन्हाळ्यात या पट्टीवर फार भरवसा नको. आणि हिवाळ्यात वेळ लावून वाचलंत तर खरा नमुनाही ‘थंड’ दिसेल.

कप हलवून बघा, वास घ्या. जास्त फेस आला तर साबणाचा संशय, ब्लीचचा वास तर लगेच कळतो. लिंबू, व्हिनेगर, मीठ, डोळ्यांचे थेंब, संडास धुण्याचं अ‍ॅसिड, सगळं आजमावून झालेलं असतं. साध्या लघवीचा सामू ४.५ ते ८ च्या आसपास असतो. ४ च्या खाली किंवा ११ च्या वर गेला तर तो शरीरातून तसा येत नाही.

क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि विशिष्ट गुरुत्व (लघवीचा दाटपणा) १.००३ पेक्षा कमी असेल तर नमुना पातळ आहे. क्रिएटिनिन २ पेक्षाही कमी असेल तर तो बहुधा माणसाच्या लघवीचा नाहीच. पण पातळ नमुना म्हणजे फसवणूक, असं लगेच धरू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले, उन्हात राबून भरपूर पाणी पिणारे, स्नायू कमी असलेल्या कृश स्त्रिया, यांचे नमुने पातळ येऊ शकतात. पातळ नमुन्यातलं पॉझिटिव्ह हे पॉझिटिव्हच असतं. पातळ नमुन्यातलं निगेटिव्ह मात्र काहीच सांगत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्या.

रिफॅम्पिसिन चालू असलेल्या टीबीच्या रुग्णाची लघवी केशरी-लालसर येते. तो रंग पाहून काही मिसळलंय असं समजू नका.

पट्टी वाचणं

किट थंड ठिकाणी ठेवलं असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मुदत तपासा. पाकीट वापरायच्या वेळीच फोडा, ओलाव्याने पट्टी खराब होते, पावसाळ्यात कोकणात तर फारच लवकर. लघवी गढूळ असेल तर निवळू द्या किंवा सेंट्रिफ्यूज करा. कॅसेट प्रकारात ड्रॉपरने तीन थेंब, बुडबुडा न येऊ देता. बहुतेक किटमध्ये पाच मिनिटांनी वाचायचं आणि दहा मिनिटांनंतर वाचायचं नाही. तुमच्या किटच्या कागदावर वेगळी वेळ असेल तर तीच पाळा.

आता सर्वांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. इथे उलटं आहे: सी (कंट्रोल) आणि टी (टेस्ट) दोन्ही रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, सी दिसते आणि टी गायब तर पॉझिटिव्ह. सी दिसलीच नाही तर पट्टी बाद. कारण असं, की टीच्या जागी त्या पदार्थाचा रेणू आधीच चिकटवलेला असतो. लघवीबरोबर रंगीत अँटिबॉडी वर चढतात. लघवीत पदार्थ नसेल तर त्या अँटिबॉडी टीवर जाऊन बसतात आणि रेघ उमटते. लघवीत पदार्थ भरपूर असेल तर तोच त्यांना आधी धरतो, टीवर बसायला कुणी उरत नाही आणि रेघ येत नाही.

म्हणून पुसट रेघही रेघच आहे, आणि पुसट रेघ म्हणजे निगेटिव्ह. “फिकट आली, म्हणजे थोडं घेतलं असेल” असं म्हणायची सवय लावून घेऊ नका. रेघेच्या गडदपणाचा आणि मात्रेचा असा सरळ संबंध लावता येत नाही. शक्य असेल तिथे दोघांनी वेगवेगळं वाचावं. नवीन खोका उघडला की एक खात्रीचा निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) लावून पाहा.

पॉझिटिव्हचा अर्थ, गटागटाने

*अफू.* ही पट्टी मॉर्फिन ओळखते. हेरॉइन शरीरात काही मिनिटांतच ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन होतं, मग मॉर्फिन. कोडीनचाही काही भाग मॉर्फिन होतो. त्यामुळे गर्द, खोकल्याचं सिरप आणि शस्त्रक्रियेनंतर दिलेलं मॉर्फिन पट्टीवर एकसारखे दिसतात. पट्टीवर दिसण्याची मुदत साधारण दोन ते तीन दिवस. ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन सापडलं तर ते हेरॉइनच, दुसरं काही नाही. पण ते काही तासच टिकतं, बहुतेक वेळा त्याच दिवशीच्या सेवनाचा पुरावा असतो, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची चाचणी लागते.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात खसखशीचा मुद्दा येतोच. अनारशांवरची खसखस, खसखशीची खीर, वाटणातली खसखस: या बियांना मॉर्फिन आणि कोडीन चिकटलेलं असतं, आणि ३०० च्या पट्टीवर त्याने पॉझिटिव्ह येऊ शकतं, अगदी दोन दिवसांपर्यंतही. खसखशीतून ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन कधीच येत नाही. संशय असेल तर दोन-तीन दिवस खसखस बंद करून पुन्हा तपासा, हा सर्वांत स्वस्त उपाय.

लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारखी क्विनोलोन अँटिबायोटिक्स आणि रिफॅम्पिसिन काही पद्धतींमध्ये अफूचं खोटं पॉझिटिव्ह देतात. टीबी आणि अमली पदार्थ हे दोन्ही एकाच रुग्णात आपल्याकडे वारंवार सापडतात, त्यामुळे ही नोंद पाठच ठेवा.

*गांजा.* पट्टी टीएचसीचा (गांजातला नशा आणणारा घटक) चरबीत साठणारा अवशेष पाहते, म्हणून मुदत माणसागणिक प्रचंड बदलते. एकदाच ओढला तर तीन दिवस. आठवड्यातून चारेक वेळा ओढणाऱ्यात पाच ते सात दिवस. रोज ओढणाऱ्यात दहा ते पंधरा दिवस. वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्यात महिन्याच्या पुढेही. तीन आठवड्यांपूर्वी सोडला म्हणणारा रुग्ण पॉझिटिव्ह आला तर तो खोटं बोलतोय असं नाही.

महाशिवरात्री आणि होळीची भांग याच पट्टीवर येते. एनडीपीएस कायदा, १९८५ मधल्या गांजाच्या व्याख्येतून शेंड्याविना पानं आणि बिया वगळलेल्या आहेत, पट्टीला मात्र हा फरक कळत नाही. काही आयुर्वेदिक औषधांतही भांग असते. जातिफलादी चूर्ण किंवा मदनकामेश्वर प्रकारचे पाक घेतले असतील तर लेबल वाचा, ‘विजया’ असं लिहिलेलं असेल तर ती भांगच. एचआयव्हीसाठी एफाविरेन्झ घेणाऱ्यांत आणि क्वचित पँटोप्राझोल घेणाऱ्यांत खोटं पॉझिटिव्ह नोंदलं गेलंय. “मित्र ओढत होता, धूर लागला” हे कारण ५० नॅनोग्रॅमच्या कटऑफवर रोजच्या व्यवहारात टिकत नाही.

जुना साठा बाहेर पडतोय की नव्याने घेतलाय, हे ठरवायचं असेल तर प्रयोगशाळेतून आकडा मागवा आणि त्याला क्रिएटिनिनने भागा. समजा, पहिल्या आठवड्यात अवशेष २०० नॅनोग्रॅम, क्रिएटिनिन ५०, गुणोत्तर ४. दुसऱ्या आठवड्यात अवशेष २६०, क्रिएटिनिन २००, गुणोत्तर १.३. आकडा वाढलेला दिसतो, पण प्रत्यक्षात उतार चालू आहे, दुसरी लघवी फक्त दाट होती. हा हिशोब न करता “वाढलंय, म्हणजे पुन्हा ओढलाय” असं म्हणणं अन्यायाचं आहे.

*अ‍ॅम्फेटामाइन.* खोट्या पॉझिटिव्हची राजधानी. स्यूडोएफेड्रिन, एफेड्रिन, बुप्रोपियॉन, ट्राझोडोन, लॅबेटालॉल, रॅनिटिडिन, प्रोमेथाझिन, क्लोरप्रोमाझिन, फेंटरमीन, सेलेजिलिन: यांतली अर्धी नावं आपल्याच प्रिस्क्रिप्शनवर असतात. गरोदरपणात रक्तदाबासाठी लॅबेटालॉल घेणाऱ्या बाईची पट्टी पॉझिटिव्ह आली तर खात्रीच्या चाचणीशिवाय एक शब्दही बोलू नका, त्या शब्दाने घर मोडू शकतं. व्यायामशाळेतल्या मुलांमध्ये मेफेंटरमीनच्या इंजेक्शनांबद्दल विचारा, शरीरात त्याचं फेंटरमीन होतं. परदेशी याद्यांत विक्स इनहेलरचं नाव सापडेल. अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये मेथअ‍ॅम्फेटामाइनचाच एक जुळा रेणू वापरला जाई. आपल्याकडचा इनहेलर मेंथॉल-कापराचा आहे, त्याला दोष देऊ नका.

*बेन्झोडायझेपिन.* सर्वांत नेहमीचं कारण आपणच असतो. दारू सोडवताना वॉर्डात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम दिलं, आणि चार दिवसांनी दुसऱ्या रेसिडेंटने चाचणी करून “बेन्झोही घेतो” असं लिहून ठेवलं! डायझेपाम दीर्घकाळ घेतलं असेल तर ते तीन-चार आठवडेही दिसतं. सर्ट्रालिन आणि एफाविरेन्झ खोटं पॉझिटिव्ह देऊ शकतात.

*कोकेन.* ही पट्टी कोकेनचा स्वतःचा अवशेष पाहते आणि फारशी चुकत नाही. दंतवैद्याने दिलेल्या लिग्नोकेनने ती पॉझिटिव्ह येत नाही, नावातला ‘केन’ सारखा असला तरी. दोन ते चार दिवसांची मुदत.

निगेटिव्हचा अर्थ

निगेटिव्ह म्हणजे ‘घेतलं नाही’ असं नव्हे. पाच शक्यता असतात: घेतलं नाही, घेतलं पण मुदत उलटली, घेतलं पण कटऑफच्या खाली, घेतलं पण ही पट्टी ते पाहत नाही, किंवा नमुना पातळ अथवा बदललेला.

चौथी शक्यता सर्वांत जास्त निसटते. अफूची पट्टी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांतलं काहीच पाहत नाही. बेन्झोडायझेपिनच्या बऱ्याच पट्ट्या ऑक्साझेपामभोवती बेतलेल्या आहेत. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम त्यांच्या नजरेतून सुटतात, झोल्पिडेम तर त्या गटातच नाही. म्हणजे तुम्हीच लिहून दिलेलं क्लोनाझेपाम रुग्ण नियमित घेतोय आणि पट्टी निगेटिव्ह, असं होणारच. अशा रुग्णाला “गोळ्या विकतोस का?” असं विचारण्याआधी किटचा कागद वाचा.

दारूही साध्या पट्टीवर नसते. लघवीतलं इथेनॉल अर्ध्या दिवसात जातं. एथिल ग्लुकुरोनाइडची (शरीरात दारूपासून बनणारा अवशेष) वेगळी चाचणी दोन-तीन दिवस मागचं दाखवते, पण ती इतकी संवेदनशील आहे की खालच्या कटऑफवर वारंवार लावलेलं सॅनिटायझर किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉशही पकडलं जाऊ शकतं. मधुमेहाच्या रुग्णाची साखर असलेली लघवी गरम खोलीत पडून राहिली आणि तिच्यात यीस्ट असेल तर इथेनॉल कपातच तयार होतं. तो नमुना ताबडतोब तपासा किंवा फ्रीजमध्ये ठेवा.

ब्युप्रेनॉर्फिनवरच्या रुग्णाची ब्युप्रेनॉर्फिन पट्टी निगेटिव्ह आली तर औषध घेतलं जात नाहीये, असा संशय रास्त आहे. पॉझिटिव्ह आली तरी एक फट राहते: गोळीचा तुकडा थेट लघवीत विरघळवला तरी पट्टी पॉझिटिव्ह येते. प्रयोगशाळेत ब्युप्रेनॉर्फिन भरपूर आणि नॉरब्युप्रेनॉर्फिन जवळजवळ शून्य आढळलं तर ती गोळी शरीरातून गेलेलीच नाही, कारण नॉरब्युप्रेनॉर्फिन यकृतातच बनतं.

खात्रीची चाचणी कधी पाठवायची

प्रत्येक पॉझिटिव्ह पाठवायची गरज नाही. रुग्णाने सांगितलेलं आणि पट्टी जुळत असेल तर पुरे. जुळत नसेल आणि त्या निकालावर मोठा निर्णय टांगलेला असेल, म्हणजे उपचार बदलणं, घरी नेण्याचे डोस थांबवणं, आईपासून बाळ वेगळं ठेवण्याची चर्चा, तर मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणू नेमका ओळखणारी पद्धत) सोय असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. मागणीच्या कागदावर “ड्रग स्क्रीन” एवढंच लिहिलंत तर पुन्हा तीच पट्टीची तपासणी होऊन येईल. नेमके रेणू लिहा, संशयित औषधाचं नाव लिहा, आणि तो रेणू त्यांच्या यादीत आहे का हे फोन करून विचारा. एमडीच्या बाबतीत हा फोन टाळूच नका.

नमुना लगेच पाठवता येत नसेल तर दोन दिवसांपर्यंत २ ते ८ अंशांवर ठेवा, त्यापुढे उणे २० अंशांवर गोठवा. तपासणी झाल्यावर उरलेली लघवी लगेच ओतून देऊ नका, वाद निघाला की तीच लागते.

सांगणं आणि लिहिणं

निकाल अनपेक्षित आला तर आरोपाऐवजी प्रश्न विचारा: “काका, पट्टीवर अफूच्या गटातलं काहीतरी दिसतंय. गेल्या तीन दिवसांत खोकल्याचं औषध, दुखण्याची गोळी, तापाचं अँटिबायोटिक, काही घेतलं होतं का?” उत्तर काहीही आलं तरी उपचार बंद होणार नाहीत, हे त्याच बैठकीत स्पष्ट करा. हेरॉइन पॉझिटिव्ह आलं म्हणून ब्युप्रेनॉर्फिन बंद करणं म्हणजे आजार दिसला म्हणून औषध काढून घेणं. तिथे डोस अपुरा आहे का, तो रोज घेतला जातोय का, हे तपासायचं असतं.

हा निकाल उपचारापुरता आहे. नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुणाच्या ताब्यात होता, याची साखळी आपण ठेवत नाही, त्यामुळे नोकरीच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी तो वापरू देऊ नका. मालकाचा फोन आला तर रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय तो आपल्याकडे येतो की नाही, हेही सांगायचं नाही.

केसपेपरवर “युरिन पॉझिटिव्ह” किंवा “डर्टी” असं लिहू नका. तारीख आणि वेळ, किटचं नाव, लॉट आणि कटऑफ, नमुन्याचं तापमान आणि क्रिएटिनिन, प्रत्येक पट्टीचा निकाल वेगवेगळा, रुग्णाने चाचणीआधी सांगितलेलं सेवन, सात दिवसांतली औषधं, वॉर्डात दिलेली औषधं आणि त्यांची वेळ, खात्रीसाठी पाठवलं असेल तर कोणत्या रेणूंसाठी. पट्टीचा फोटो काढायचा असेल तर त्यात नाव येऊ देऊ नका, केस क्रमांक पुरे, आणि तो विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.